शेवंतीबाईंचं स्पेलिंग

डिचोलीच्या बाजारात, सायकलवाल्याच्या मागे,
माजी सैनिकांच्या मंडळाची एकच खोली.
दोन टेबलं, एक पंखा.
कपाटाला कुलूप नाही,
चोरण्याजोगं आत काही नाही,
फक्त माणसं, फायलींत, आडवी.

अध्यक्ष सुभेदार फटू गावस.
एकेकाळी यांच्या हुकमावर साठ बूट एकदम थांबायचे.
आता ट्रेझरीच्या खिडकीपुढे
"साहेब, जरा बघता का" म्हणतात
एका पोराला, ज्याच्या मिशीचं अजून नक्की नाही.

सचिव कायतान, नौदलात बॉयलरपाशी होता.
ऐकू कमी येतं, म्हणूनच फोन तो उचलतो.
मोठ्याने खोटं बोलायला, म्हणतो, माणसाला लाज वाटते.

मी खजिनदार.
माझ्या घरातलं कुणी फौजेत गेलं नाही.
बँकेत अठ्ठावीस वर्षं सह्या जुळवल्या,
जुळली नाही की परत पाठवलं.
कितीजणींना, ते मोजलेलं नाही.
इथे पगार नाही. चहासुद्धा ज्याचा त्याचा.

ऑगस्टात दिवाडीवरचे लान्सनायक बुधो आमोणकर वारले.
पेन्शन बायकोच्या नावावर व्हायची. नाव शेवंती.
पण बायका चार निघाल्या.
फौजेच्या पुस्तकात ती एस-एचने सुरू होते,
रेशनकार्डावर नुसत्या एसने,
आधारवर तिच्या शेवटी वाय आहे,
आणि पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यात एक्स,
फुलीसारखा,
जणू कुणी तिला जन्मतःच खोडून ठेवलंय.

फॉर्म तिसऱ्यांदा परत आला त्या दिवशी
कायतान त्या एक्सकडे बघत बसला.
याच दप्तरातल्या त्याच्या बापाच्या नावावर
त्याचा मुलगा स्विंडनला गेलाय, गोदामात, रातपाळीला.
"ह्याच कागदान म्हज्या पुताक दार उगडलें,"
एवढंच बोलला. पंख्याचं बटण उगाच दोनदा दाबलं.

शनिवारी नार्वेची फेरी.
सुभेदार माझ्या स्कूटरवर मागे,
फाइल छातीशी, पाठ ताठ.
कायतान कठड्याला धरून
इंजिनाचा आवाज पायांनी ऐकत उभा.

शेवंतीबाईंनी पेज वाढली, सोबत खारातली तोरां.
"नाव नीट सांगा," मी म्हटलं, बँकेतल्या आवाजात.
ती हसलीच.
माहेरी शेवू. सासूच्या तोंडी नुसतं गे.
आणि घोव लेहहून पत्र लिहायचा तेव्हा
'प्रिय'च्या पुढे जागा कोरी सोडायचा,
पोस्टमन वाचून दाखवणार म्हणून.
तिने पत्रं आणली. एकतीस.
एकातही नाव नाही.
पुरावा म्हणून काही कामाची नाहीत.
सुभेदार उठून अंगणात गेले,
बराच वेळ माझ्या स्कूटरचं चाक तपासत राहिले.
चाकाला काही झालं नव्हतं.

सोमवारी मुद्रांकावर लिहून घेतलं:
वरील चारही नावांची बाई एकच आहे.
खाली तिचा अंगठा.
साक्षीदार म्हणून मी सही केली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
कशाशीही जुळवून न बघता.

उत्तर अजून आलेलं नाही.
फोन वाजतो, कायतान ओरडतो, "व्हडल्यान उलय!"
पलीकडून दुसरंच कुणी, दुसऱ्याच कामाचं.
मी कीर्दीत लिहिते:
मुद्रांक पन्नास, झेरॉक्स बावीस.
पत्रांची झेरॉक्स काढली नाही.

आता नोव्हेंबर येईल.
एकशे सहा म्हाताऱ्यांना
आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचंय.
सुभेदारांनी यादी केली, सुरेख अक्षरात, गाववार,
आणि त्यात स्वतःलाच विसरले.
मी त्यांचं नाव शेवटी घातलं.
स्पेलिंग चारदा तपासलं.